त्रूव्हीलची पुळण आणि बूदँची चिमुकली माणसं

कागद वहीच्या पानापेक्षा फारसा मोठा नाही. त्यावर शिसपेन्सिलीच्या सैलसर रेघा, आणि त्या रेघा न जुमानता इकडेतिकडे पसरलेले जलरंगाचे डाग. डोळे जरा बारीक करून पाहिलं की त्यातून माणसं दिसू लागतात. खुर्च्यांवर टेकलेल्या बायका, त्यांचे घेरदार झगे, एखादी कललेली छत्री, काठीवर भार देऊन उभा असलेला गृहस्थ, कुणाच्या तरी पायाशी बसलेलं कुत्रं, आणि या सगळ्यांमागे समुद्राची एक अरुंद पट्टी. चेहरा कुणालाच नाही. बऱ्याच जणांना हातही नाहीत. तरीही ही माणसं बसून गप्पा मारताहेत, त्यांना वारा लागतो आहे आणि ऊन फार कडक नाही, एवढं आपल्याला न सांगता कळतं.

फ्रेंच चित्रकार यूझेन बूदँ (१८२४–१८९८) याने नॉर्मंडीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसून अशी चित्रं काढली, आणि ती मोजायला बसलं तर दमछाक होईल इतकी काढली. इम्प्रेशनिझमची, म्हणजे आपल्याकडचे समीक्षक ज्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात त्या चळवळीची, ओळख आपल्याला बहुधा क्लोद मोने या चित्रकाराच्या कमळांच्या तळ्यापासून करून दिली जाते. मला विचाराल तर सुरुवात बूदँच्या या लहान कागदांपासून करावी. मोठ्या तैलचित्रात रंगाचे थरावर थर चढलेले असतात. चित्रकाराने आधी काय केलं आणि नंतर काय केलं, ते आपल्यासारख्याला सापडत नाही. इथे मात्र पेन्सिल दिसते, कुंचला कुठे टेकला आणि कुठे उचलला ते दिसतं, कोरा सोडलेला कागदही दिसतो. चित्र कसं घडलं ते समोर उघडं पडलेलं असतं.

हे कागद वाचायचे कसे, याची एक किल्ली मी आधीच देऊन ठेवतो. बूदँ माणसं काढत होता खरा, पण त्याचं लक्ष हवेवर होतं. त्याच्या चित्रातला माणूस हा त्या दिवसाच्या हवेचाच एक भाग असतो.

आधी आकाश

बूदँचा जन्म ऑन्फ्लरचा. सेन नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे जुनं बंदर. वडील खलाशी, आणि लहानपणी हा मुलगाही बोटीवर काम करत होता. ज्यांचं पोट समुद्रावर असतं त्यांना आकाश पाहावंच लागतं. ढग कुठून येताहेत, वारा कधी फिरणार, यावर त्यांचा दिवस ठरतो. ही नजर बूदँला कुठल्या चित्रशाळेत मिळाली नव्हती.

पुढे समोरच्या तीरावरच्या ल हाव्र शहरात त्याने एका भागीदाराबरोबर कागद-पेन्सिली आणि फ्रेमचं दुकान काढलं. किनाऱ्यावर चित्रं काढायला येणारे पॅरिसचे चित्रकार तिथे यायचे, त्यांची चित्रं दुकानात लागायची. झां-फ्रांस्वा मिये, त्रोयाँ ही मंडळी त्याला अशी दुकानातच भेटली. दुकान सुटलं, चित्रकला राहिली. १८५१ मध्ये ल हाव्र नगरपालिकेने त्याला तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन पॅरिसला पाठवलं. शिकून तो परत आला तो पुन्हा याच किनाऱ्यावर.

१८५९ मध्ये कवी आणि कलासमीक्षक शार्ल बोदलेअर ऑन्फ्लरला आला होता. बूदँने पेस्टलमध्ये, म्हणजे रंगीत खडूंनी, केलेले आकाशाचे शेकडो अभ्यास त्याने बूदँच्या खोलीत पाहिले. प्रत्येकावर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली होती. बोदलेअरने त्या वर्षीच्या पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनावर, म्हणजे 'सलाँ'वर, लिहिताना या पेस्टलांचा मुद्दाम उल्लेख केला. खालची नोंद हाताने झाकली तरी ऋतू कोणता, वेळ कोणती आणि वारा कुठला ते नुसतं चित्र पाहून ओळखता येतं, अशी साक्ष त्याने दिली. त्याने आणखीही एक गोष्ट नोंदवली. या चित्रांत माणूस नाही, पण ती पाहताना माणसाची उणीव एकदाही जाणवली नाही. माणसाशिवायच्या निसर्गाचं बोदलेअरला फारसं कौतुक नव्हतं, हे लक्षात घेतलं तर ही दाद केवढी मोठी आहे ते कळतं. निसर्गचित्रकार कोरो तर बूदँला 'आकाशांचा राजा' म्हणायचा.

माणसं यानंतर आली. साधारण १८६२ पासून बूदँ नॉर्मंडीतल्याच त्रूव्हील या गावच्या पुळणीवरच्या गर्दीची चित्रं काढू लागला. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एरवी चित्रकार आधी माणसं बसवतो आणि मागे आकाश भरतो. बूदँकडे आकाश कित्येक वर्षं तयार होतं, त्याच्या हाताखाली मुरलेलं होतं. माणसं त्या आकाशाखाली येऊन बसली.

ही माणसं तिथे आली कशी

समुद्रात डुंबणं ही तेव्हा युरोपात मौजेपेक्षा औषधाची गोष्ट होती. खारं पाणी, खारी हवा प्रकृतीला चांगली, असं डॉक्टर सांगत. त्रूव्हील हे मुळात मच्छीमारांचं गाव, त्याचं रूपांतर हळूहळू श्रीमंतांच्या उन्हाळी मुक्कामात झालं. शेजारी, तूक नदीच्या पलीकडे, सम्राट तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ ड्यूक द मोर्नी याने १८६० पासून दोव्हील हे आखीव-रेखीव गाव वसवायला घेतलं. १८६३ मध्ये आगगाडी थेट इथपर्यंत पोचली. पॅरिस सुमारे दोनशे किलोमीटरवर. सकाळी राजधानीतून निघालेला माणूस त्याच दिवशी वाळूत खुर्ची टाकून बसू शकत होता. १८६३ मध्येच बूदँने सम्राज्ञी युजेनी आपल्या लवाजम्यासह या किनाऱ्यावर चालते आहे, असं एक चित्र केलं. ते आता ग्लासगोच्या बरेल संग्रहात आहे.

आता या चित्रांत सगळे एवढे कपडे घालून का बसलेत, असा प्रश्न आपल्याला पडतो. उन्हाने रापलेली कातडी ही शेतात राबणाऱ्याची खूण मानली जायची, म्हणून हातमोजे, टोप्या, बुरखेवजा जाळ्या आणि छत्र्या. पोहायला जायचं तर लाकडी चाकांच्या खोल्या होत्या, त्या पाण्यापर्यंत ओढून नेत. आत कपडे बदलायचे आणि पायऱ्यांवरून थेट पाण्यात उतरायचं. बूदँच्या चित्रांत मागच्या बाजूला उतरत्या छपराच्या खोक्यांसारखं जे दिसतं, ते हे.

आणि ते अवाढव्य झगे. १८५६ मध्ये पोलादी कड्यांचा हलका पिंजरा बाजारात आला, त्याला क्रिनोलिन म्हणत. त्याआधी घेर येण्यासाठी परकरावर परकर चढवावे लागायचे. पिंजऱ्यामुळे घेर वाढला आणि वजन कमी झालं. पण एक भानगड झाली, झगा आता वाऱ्यावर हलायला लागला. एका बाजूने दाबला गेला की दुसरीकडे उचलला जायचा. योगायोग असा की त्याच १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला डांबरापासून निघणाऱ्या एका रसायनातून झगझगीत जांभळा रंग सापडला, आणि पाठोपाठ रासायनिक रंगांची रांगच लागली. वाळू, पाणी, ढग सगळं करड्या छटांचं, आणि त्यात हे नवे जांभळे, निळे, लाल कपडे. हवेचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगलं काय मिळणार? वारा डोळ्यांना दिसत नाही. क्रिनोलिनमुळे तो दिसू लागला.

कागद जवळून

आता एखादा कागद समोर ठेवल्यासारखं पाहू. बूदँचं काम साधारण कुठल्या क्रमाने चालायचं, ते या कागदांवरून नीट कळतं.

पहिली पेन्सिल. ती घाईची आहे. बसलेल्या बाईसाठी पाठीची एक वक्र रेघ, त्याखाली झग्याचा पसरट त्रिकोण, वर टोपीचा एक फराटा. खुर्चीचे पाय दोन रेघांचे. चुकलेली रेघ खोडलेली नाही, शेजारी दुसरी ओढली आहे. काही कागदांवर तर रंग नाहीतच, त्या जागी रंगाचं नाव शब्दांत लिहून ठेवलं आहे. माणूस उठून जाण्याआधी आकार टिपायचा आणि रंग आठवणीसाठी लिहून घ्यायचा.

मग पातळ रंग. पेन्सिलीने आखलेल्या हद्दी तो पाळत नाही. निळसर करड्या रंगाचा एक हात शेजारी बसलेल्या तिघांवरून एकदमच फिरतो, आणि ती तिघं मिळून एक घोळका होतात. इथे मी थोडा थांबेन, कारण बूदँचं कसब इथे आहे. तो एकेक माणूस मोजून काढत नाही, घोळका काढतो. किनाऱ्यावर लांबून पाहताना आपल्यालाही आधी घोळकाच दिसतो, माणसं मागाहून सुटी होतात. रंगाने जोडलेली माणसं पेन्सिलीच्या रेघेने जेमतेम सुटी राहतात, आणि या ओढाताणीमुळे चित्र सारखं हलतं आहे असं वाटतं.

पांढरा रंग बहुतेक ठिकाणी लावलेलाच नाही. बांधणीच्या साडीत जिथे गाठ मारलेली असते तिथे रंग चढत नाही आणि तोच ठिपका उठून दिसतो, तसंच जलरंगात कोरा सोडलेला कागद हाच सगळ्यात उजळ पांढरा असतो. बूदँ भोवतीचं पाणी आणि सावली रंगवतो, आणि मधे राहिलेला कागद पांढरा झगा होऊन बसतो. हे धाडसाचं काम आहे. तैलरंगात चुकलं तर वरून पांढरा लावता येतो. जलरंगात कुठे थांबायचं ते आधीच ठरवावं लागतं.

मग एखादा लाल. शाल, छत्री किंवा मुलाचा सदरा, एवढासाच, पण त्याच्यामुळे बाकीचा कागद बदलतो. मिशेल शव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायचे विणलेले चित्रपडदे तयार होत, रंगकामाचा प्रमुख होता. काही रंग फिके दिसतात अशी तक्रार आली तेव्हा त्याने शोध घेतला. दोष रंगाचा नव्हता, शेजारी विणलेल्या रंगाचा होता. शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात, हा नियम त्याने १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. लालच्या शेजारचा करडा डोळ्यांना किंचित हिरवट दिसतो. म्हणून बूदँच्या कागदावर लाल शालीमागची समुद्राची करडी पट्टी अचानक पाण्याच्या रंगाची वाटते. तिथे हिरवा रंग लावलेला असेलच असं नाही. तो आपल्या डोळ्यांत तयार होतो.

आता चेहऱ्यांचं बघू. चेहरे नाहीत याचं कारण आळस नाही, साधं गणित आहे. माणूस आपल्यापासून तीस मीटरवर उभा आहे आणि कागद डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर आहे असं धरा. दिसतो त्याच मापाने काढला तर दीड मीटरच्या आसपास उंचीचा हा माणूस कागदावर अडीच सेंटिमीटरचा होईल. त्याचा चेहरा तीन-सव्वातीन मिलिमीटरचा. त्यात डोळे, नाक, ओठ काढायचे तर दिसतं त्यापेक्षा जास्त, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलं काढावं लागेल. इम्प्रेशनिझमचा सगळा झगडा या एका जागी आहे. डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढंच कागदावर आणायचं, डोक्यातली माहिती त्यात मिसळायची नाही. आणि गंमत अशी की माहिती कमी दिली तरी पाहणारा अडत नाही. माणसाची ठेवण ओळखण्यात आपला मेंदू फार तयार असतो. मान किती झुकली आहे, खांदे कुणीकडे वळले आहेत, एवढ्यावर तो बाई कंटाळली आहे की कान देऊन ऐकते आहे ते ठरवतो.

क्षितिजाची रेघ तर चित्रकाराची जागाच सांगून जाते. सपाट वाळूवर क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं. चित्रकार उभा असेल तर उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, साधारण क्षितिजाच्या रेघेवर एका ओळीत येतात. तो बसलेला असेल तर बसलेल्यांची डोकी त्या रेघेवर येतात आणि उभ्या माणसांची डोकी आकाशात जातात. पुढच्या वेळी किनाऱ्याचं कुठलंही चित्र पाहाल तेव्हा हे तपासून बघा. खुर्चीतल्या बायकांच्या टोप्या पाण्याच्या कडेला टेकल्या असतील आणि उभे पुरुष छातीपासून वर आकाशात घुसले असतील, तर चित्रकार त्यांच्यासारखाच खाली बसलेला होता. पाण्याकडे वाळू थोडी उतरती असते म्हणून बारीक फरक पडतो, पण ओळ सापडते.

आकाशाला या चित्रांत दोन-तृतीयांश जागा असते, कधी त्याहून जास्त. माणसं खालच्या पट्टीत आडवी पसरलेली. त्यांची उंची कमी, पसारा लांब. ओहोटीला तिथला समुद्र खूप मागे हटतो आणि उघडी पडलेली ओली वाळू आकाशाचा उजेड परतवते, म्हणून खालचीही बाजू उजळ. माणसं दोन उजेडांच्या मधे सापडतात आणि गडद दिसतात. त्रूव्हीलच्या किनाऱ्याचं तोंड वायव्येला आहे, उन्हाळ्यात सूर्य समुद्राकडच्या बाजूला मावळतो. संध्याकाळी पाण्याकडे पाहत बसलेल्या माणसांच्या फक्त पाठी आपल्याकडे येतात, त्या सावलीत असतात, आणि कडेकडेने उजेडाची बारीक किनार असते. बूदँच्या चित्रांत इतक्या पाठी का, याचं अर्धं उत्तर या भूगोलात आहे.

आणि वारा. छत्र्या कुणीकडे कलल्या आहेत, टोप्यांच्या फिती कुणीकडे उडताहेत, खांबावरचं निशाण, क्षितिजावरच्या आगबोटीचा धूर, झग्याची फुगलेली बाजू. सगळं एका दिशेला असतं. आता १८५९ च्या त्या पेस्टलांवरच्या नोंदी आठवा. तारीख, वेळ, वारा. किनाऱ्यावरच्या या चित्रांत वाऱ्याची नोंद करायला बायकांचे झगे आले आहेत.

हे 'पुरं' झालेलं चित्र आहे का?

त्या काळात हा वादाचा मुद्दा होता, आणि आज आपल्याला तो किती तापलेला होता याची कल्पना येत नाही. पॅरिसच्या कलाविश्वात चित्राच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी झटपट टिपण, मग निसर्गासमोर बसून केलेला अभ्यास, मग रचनेचा कच्चा आराखडा, आणि शेवटी स्टुडिओत महिनोनमहिने खपून केलेलं, कुंचल्याची खूण कुठेही न दिसणारं गुळगुळीत चित्र. सलाँमध्ये मान शेवटच्याला. आधीच्या पायऱ्या चित्रकाराच्या कपाटात राहायच्या.

बूदँच्या काळातलाच चित्रकार एदुआर माने कसा काम करायचा ते पाहिलं की ही पद्धत समजते. १८६८ च्या उन्हाळ्यात तो बूलोन्यच्या किनाऱ्यावर होता. खिशातल्या लहान वहीत त्याने छत्रीवाली बाई, बसलेली जोडी, अशी सुटी सुटी माणसं टिपली, आणि त्यावरून किनाऱ्याचं तैलचित्र जुळवलं. त्या चित्रातले घोळके एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, कारण ते वहीच्या वेगवेगळ्या पानांवरून आलेले आहेत. टिपण हा तिथे कच्चा माल होता.

बूदँचं मत निराळं होतं. जागेवर, निसर्गासमोर बसून रंगवलेल्या चित्रात जो जोर असतो, हाताची जी चपळाई असते, ती स्टुडिओत परत आणता येत नाही, असं त्याने आपल्या टिपणवहीत लिहून ठेवलं आहे. निसर्गासमोर ओढलेले कुंचल्याचे तीन फटकारे स्टुडिओतल्या दोन दिवसांच्या कामाला भारी, असा त्याचा हिशेब. अर्थात पोटासाठी तोही लाकडी फळ्यांवर जास्त घोटलेली तैलचित्रं करून विकत होता. त्याच्या 'किनाऱ्यावरच्या छोट्या बायकां'ना गिऱ्हाईक चांगलं होतं.

१५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये बुलव्हार द कापुसीनवर, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत, सलाँच्या बाहेरच्या चित्रकारांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोनेचं ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाचं चित्र तिथे होतं. त्याच्या नावातल्या 'इम्प्रेशन' या शब्दावरून लुई लरॉय या समीक्षकाने टवाळी केली आणि चळवळीला नाव मिळालं. ही कथा सगळ्यांना माहीत असते. त्याच भिंतींवर बूदँचे आकाशाचे पेस्टल आणि त्रूव्हीलच्या किनाऱ्याचे जलरंगही लावलेले होते, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. मला या प्रदर्शनातली ही गोष्ट मोठी वाटते. जे कपाटात ठेवायचं ते बूदँने चौकटीत बसवून, नाव देऊन लोकांपुढे मांडलं. यानंतरच्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनांत तो गेला नाही, सलाँमध्ये चित्रं पाठवत राहिला. पण टिपण हेच पुरं चित्र असू शकतं, या म्हणण्यावर त्याने पहिल्याच दिवशी सही केलेली होती.

मोनेला हे सगळं त्याच्याकडूनच मिळालं. ल हाव्रमध्ये व्यंगचित्रं काढून पैसे कमावणाऱ्या या पोराला बूदँनेच १८५८ च्या सुमारास बरोबर नेलं आणि उघड्यावर बसून रंगवायला लावलं. आपण चित्रकार झालो ते बूदँमुळे, असं मोने म्हातारपणीही सांगत असे. १८७० च्या उन्हाळ्यात, लग्नाला काही आठवडेच झालेले असताना, मोने पत्नी कामीयसह त्रूव्हीलला राहिला. बूदँ पती-पत्नीही तिथे होते. तेव्हाचं मोनेचं एक लहान तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे: पांढऱ्या कपड्यांतली कामीय एका बाजूला आणि काळ्या कपड्यांतली एक बाई, बहुधा बूदँची पत्नी, दुसऱ्या बाजूला, मधे रिकामी खुर्ची. त्या चित्राच्या रंगात वाळूचे कण आणि शिंपल्यांचे बारीक तुकडे चिकटलेले सापडले आहेत. चित्र कुठे बसून काढलं याचा याहून पक्का पुरावा मिळणार नाही.

याच गटातल्या एदगार देगा या चित्रकाराचं बरोब्बर उलटं. उघड्यावर चित्र काढण्याचा त्याला तिटकारा. त्याच गॅलरीच्या संग्रहात त्याचं किनाऱ्याचं एक चित्र आहे, कागदाचे तीन तुकडे जोडून त्यावर तेल काढून विरळ केलेल्या रंगाने केलेलं. वाळूवर आडवी पडलेली मुलगी, तिचे केस विंचरणारी दाई, शेजारी वाळत टाकलेला पोहण्याचा पोशाख. हे आपण स्टुडिओतच केलं, जमिनीवर फ्लॅनेलची बंडी पसरून मॉडेलला तिच्यावर बसवलं, असं त्याने पुढे सांगितल्याची नोंद आहे. हेही चित्र १८७७ च्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात होतं. तेव्हा इम्प्रेशनिझम म्हणजे उन्हात बसून काढलेलं चित्र, एवढी सोपी व्याख्या पुरत नाही. पण देगाची माणसं आणि बूदँची माणसं शेजारी ठेवून पाहा. देगाची मुलगी कुठल्याही खोलीत तशीच पडून राहील. बूदँच्या बायका किनाऱ्यावरून उचलल्या तर त्यांचं काहीच उरणार नाही.

उघड्यावर काम करणं सोपं होतं असंही नाही. याच गटातली चित्रकार बर्थ मोरिझो १८७५ मध्ये नवऱ्याबरोबर इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर गेली होती, तिच्या पत्रांत वैतागच वैताग आहे. सगळं हलतं, होड्या क्षणाक्षणाला जागा बदलतात, ऊन आणि वारा सोसवत नाही. तिथले तिचे जलरंग पाहिले की हा वैताग तिने कसा कामी आणला ते दिसतं. एकेका हाताच्या फटकाऱ्यात होडी, धक्का, टोपी, सगळं येऊन जातं.

बूदँची घालमेल

या झगमगत्या गिऱ्हाइकांबद्दल बूदँच्या मनात काय होतं? तो खलाशाचा मुलगा, बायको फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतातली. १८६७ मध्ये ब्रिटनीच्या कष्टकरी लोकांत राहून तो त्रूव्हीलला परतला, आणि एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने सोनं-नाणं मिरवणाऱ्या या किनाऱ्याला भयंकर सोंगाचा बाजार म्हटलं. अशा ऐतखाऊ लोकांची चित्रं काढण्याची त्याला लाज वाटली. पुढच्याच वर्षी त्याच मित्राला त्याने दुसरी बाजूही लिहिली. शेतकऱ्यांना मियेसारखे चित्रकार मिळाले, ते छानच. पण धक्क्यावर मावळत्या उन्हाच्या दिशेने चालणाऱ्या मध्यमवर्गीय माणसांनाही उजेडात येण्याचा हक्क नाही का? त्यातलेही कितीतरी जण कामाच्या रगाड्यातून विसाव्यासाठी आलेले असतात.

मला हे दुसरं पत्र फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते त्याच्या चित्रांशी जुळतं. प्रिन्सेस पाउलीन मेटर्निक, ऑस्ट्रियाच्या राजदूताची पत्नी, पॅरिसच्या फॅशनचा शेवटचा शब्द. तिचंही एक लहानसं चित्र बूदँने केलं, ते आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यात ती एकटी वाळूवर उभी आहे, आणि तिच्या नावाचा दबदबा त्या चित्रात कुठेही नाही. आहे तो झगा, वाळू, उजेड. चेहरा न काढण्याचा हाही एक परिणाम. उजेड प्रिन्सेसवर जसा पडतो तसाच तिच्या दासीवर पडतो, आणि बूदँ उजेडच काढत होता.

जुलै १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटलं, सप्टेंबरमध्ये साम्राज्य कोसळलं. क्रिनोलिनची फॅशन त्याआधीच ओसरली होती. बूदँ काही काळ ब्रसेल्सला जाऊन राहिला. त्यानंतर त्याच्या कामात बंदरं, जहाजं, मासळीबाजार वाढत गेले, आणि तूक नदीच्या काठावर ओणवून कपडे धुणाऱ्या बायका वारंवार येऊ लागल्या. त्यांनाही चेहरे नाहीत. ८ ऑगस्ट १८९८ रोजी दोव्हीलला समुद्राजवळच तो गेला.

हे कागद कुठे पाहता येतात

त्याच्या स्टुडिओत राहिलेलं पुष्कळसं काम भाऊ लुई याने ल हाव्रच्या संग्रहालयाला दिलं. ते आता तिथल्या आंद्रे मालरो संग्रहालयात आहे. ऑन्फ्लरला त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. त्याची हजारो रेखाटनं फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहात, लूव्ह्रच्या रेखाटन विभागात जपलेली आहेत.

मात्र तिथे जाऊनही ती भिंतीवर दिसतीलच असं नाही. जलरंग उजेडाने उडतात. म्हणून संग्रहालयं असे कागद साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) इतक्या मंद उजेडात, थोड्या महिन्यांसाठीच लावतात आणि मग बराच काळ अंधारात ठेवतात. आपल्यासाठी सोयीची वाट म्हणजे संग्रहालयांनी इंटरनेटवर टाकलेली मोठ्या आकाराची छायाचित्रं. आधी पूर्ण कागद स्क्रीनवर तळहाताएवढा ठेवून पाहा, म्हणजे घोळके दिसतील. मग मोठा करून कडा तपासा. पेन्सिलीने लिहिलेला एखादा रंगाचा शब्द, तारीख किंवा गावाचं नाव तिथे सापडू शकतं. रंगांबाबत एक सावधगिरी बाळगा. किरमिजी आणि गुलाबी रंग उजेडात सगळ्यात आधी जातात, निळे आणि मातीचे रंग टिकून राहतात. एखाद्या बाईच्या खांद्यावरची शाल आज फिकट गुलाबी दिसत असेल, तर बूदँने ती लावली तेव्हा बहुधा याहून बरीच लाल होती, आणि तिच्यामागचं पाणीही तेव्हा जास्त हिरवं दिसत असणार.